जळगावची गारगोटी, ईडारची सहाण

पहिला दिवस, गुरुवार

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकीकाचा, म्हणजे अॅगेट दगडाचा, एक खल होता. ओंजळीत मावेल एवढा, धुरकट राखाडी, आतून बोट फिरवलं तर कुठेही अडायचं नाही. चिनी मातीच्या खलात कठीण पदार्थ घोटला की खलाचेच कण नमुन्यात उतरतात आणि पृथक्करण बिघडतं. अकीकाचा खल तसा झिजत नाही. म्हणून तो कुलपात असे आणि किल्ली माझ्याकडे. सत्तावीस वर्षं मी तो जपला. एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या कठीण दगडाला इतकी गोल खळी पाडली कशी असेल?" सिलिका, कठीणता दहापैकी सात, एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळले. उत्तर दिलं नाही, कारण ते मला येत नव्हतं.

निवृत्तीनंतर लेकीकडे जर्मनीत माइंत्सला आले तेव्हा सहज त्या खलाचा विषय निघाला. ती म्हणाली, "आई, तसले खल पिढ्यान्‌पिढ्या करणारं गाव इथून गाडीनं दीड तासावर आहे. चल, जाऊ." गावाचं नाव ईडार-ओबरश्टाइन. तिनं चार दिवसांची रजा काढली. मी पर्समध्ये एक गारगोटी टाकली. जळगावजवळ आमच्या शेताच्या बांधावर सापडलेली, लिंबाएवढी, वरून मळकट तपकिरी. जर्मनीला येताना ती का उचलली होती ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

गाडी नाहे नदीच्या कडेकडेनं जाते. बाड क्रॉइत्सनाखपर्यंत उतारावर द्राक्षाचे मळे, पानं पिवळी पडत आलेली. बाड म्युन्स्टरजवळ रोटनफेल्सचा तांबूस कडा एकदम अंगावर येतो. कीर्नच्या पुढे दरी अरुंद होते, बोगद्यामागून बोगदे लागतात आणि दगडाचा रंग काळपट होतो. खिडकीतून तो खडक पाहताना वाटलं, हा तर ओळखीचा आहे. लाव्हाचा खडक. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा फार जुना नातेवाईक.

ओबरश्टाइनला उतरल्यावर पहिली निराशा झाली ती नदीची. जिच्या काठानं आलो ती नाहे गावात दिसतच नाही. १९८० च्या दशकात तिच्यावर काँक्रीटचं छत घालून वरून हमरस्ता नेला. सुमारे दोन किलोमीटर नदी रस्त्याखालून वाहते. दरी इतकी चिंचोळी की वाहनांना दुसरी जागा नव्हती, हे कारण समजतं. तरीही ज्या पाण्याच्या जोरावर हा सगळा मुलूख उभा राहिला ते पाणी असं झाकलेलं पाहवत नाही.

संध्याकाळी फेल्सनकिर्शं पाहिलं, म्हणजे कड्यातलं चर्च. बाजारचौकातून मान वर केली की खडकाच्या कपारीत पांढरं चर्च बसवलेलं दिसतं. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, मी चार ठिकाणी थांबले. दरडी कोसळण्याच्या भीतीमुळे शेवटचा टप्पा आता कड्यातून खोदलेल्या बोगद्यातून जातो. चर्च १४८२ ते १४८४ या काळात बांधलं. दंतकथा अशी, की वरच्या गढीतल्या दोन भावांचा जीव एकाच मुलीवर जडला. रागाच्या भरात एकानं दुसऱ्याला खिडकीतून खाली ढकललं. पश्चात्ताप झाल्यावर, भाऊ जिथे पडला तिथे त्यानं स्वतःच्या हातांनी कडा फोडून चर्च उभारलं. काम संपलं तेव्हा खडकातून पाण्याचा झरा फुटला. चर्चमध्ये तो अजून झिरपतो. मी बोट लावून पाहिलं. गार होतं. मला कथेत खटकलं ते एवढंच, की दोघे भाऊ लक्षात राहतात आणि त्या मुलीचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

वरून गाव पूर्ण दिसतं. खरं तर ही दोन गावं. ओबरश्टाइन नाहेच्या काठी, आणि ईडार आत, ईडारबाख नावाच्या ओढ्याच्या दरीत. १९३३ मध्ये ती दोन्ही आणि शेजारची आल्गनरोट नि टीफनश्टाइन मिळून एक शहर झालं. जुनी वाटणी मात्र कामातून दिसते. ईडारकडे दगड, ओबरश्टाइनकडे धातू. एकानं खडा घडवायचा, दुसऱ्यानं त्याला कोंदण आणि साखळी द्यायची.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी श्टाइनकाउलनबेर्ग. डोंगरातली ही जुनी रत्नखाण लोकांना आत जाऊन पाहता येते. युरोपात अशी दुसरी नाही, असं इथे सांगतात. डोक्यावर शिरस्त्राण घालून आत शिरलो. बाहेर ऊन होतं, आत अंगावर काटा येईल एवढी थंडी. भिंतीत जिथे पोकळी सापडली तिथे मागून दिवे लावले आहेत, त्यामुळे काळ्या खडकात मध्येच जांभळा अमेथिस्ट उजळलेला दिसतो, कुठे धुरकट स्फटिक, कुठे लालसर जास्पर, कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक.

वाट दाखवणारी तरुण मुलगी सांगत होती, लेक मला मराठीत उलगडत होती आणि माझ्या मनात वर्ग भरला होता. सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. नंतर सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि भिंतीला थरावर थर बसत गेले. दर थर जरा वेगळा, म्हणून पट्टे. मध्ये जागा उरली तर तिथे स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खडकात हेच झालं आहे, फक्त आपला लाव्हा त्या मानानं कालचा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लहानपणी आमच्या मळ्यात विहीर खणताना सुरुंग उडाला की आम्ही पोरं धावायचो. फुटलेल्या काळ्या दगडात चमचमणारी घरं असायची. आम्ही त्यांना गारा म्हणायचो आणि भातुकलीत साखर म्हणून वाढायचो.

खाणीतल्या वाटा हातानं कोरलेल्या आहेत. छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. काही आडव्या बिळांत माणूस जेमतेम सरपटत जाईल. तेलाच्या मिणमिणत्या दिव्यात, काळ्या दगडात काळीच गाठ शोधायची आणि ती न फोडता काढायची. फुटली तर दिवस वाया. या भागात रत्नं काढल्याचे उल्लेख चौदाव्या-पंधराव्या शतकापासून मिळतात. दगड घासणाऱ्यांच्या धंद्याला १६०९ मध्ये रीतसर नियमपत्र मिळालं. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे लहान होते तेव्हा इथे अकीक घासणाऱ्यांची श्रेणी होती, तिचे नियम होते.

बाहेर आल्यावर दगड शोधायला मोकळी सोडलेली एक जागा आहे. लहान मुलं हातोड्या घेऊन बसली होती. मीही बसले. तासाभरात नखाएवढा जांभळा तुकडा मिळाला, तो शेजारच्या रडवेल्या मुलाला दिला.

दुपारी टीफनश्टाइनला वायहरश्लायफं पाहायला गेलो. या चार दिवसांतून एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन. ईडारबाख आणि नाहेच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या भरात पाण्यावर चालणाऱ्या अशा शंभराहून जास्त गिरण्या होत्या. आता जुन्या पद्धतीनं चाक फिरणारी ही राहिली आहे. वायहर म्हणजे तळं. तळ्याचं पाणी पाटानं आणून चाकावर सोडायचं, चाकाचा आस भिंतीतून आत आणि आत दगडाची चाकं. औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्याला यातलं निम्मं लगेच कळेल. तिथे पाणी पीठ दळायचं, इथे दगड.

खोली बसकी, खिडक्यांना लागून वालुकाश्माची चाकं उभी. व्यास दीड मीटर तरी असेल. खालचा भाग खड्ड्यात गेलेला, वरून पाण्याची धार. आणि प्रत्येक चाकासमोर एक विचित्र बाक. आधी मला वाटलं मोडकी खुर्ची असावी. दाखवणारे आजोबा सत्तरीचे होते. त्यांनी चामड्याचा डगला बांधला, छाती-पोट त्या बाकावर टेकवून पालथे झाले, तळपाय मागे जमिनीवरच्या आडव्या फळीला रेटले आणि हातातला दगड चाकावर दाबला. तेव्हा कळलं. खडा चाकावर दाबायला हातांचा जोर पुरत नाही. मांड्यांचा जोर लागतो. सबंध माणूसच पाचर म्हणून फळी आणि चाक यांच्यामध्ये ठोकायचा. दिवसभर, दहा-बारा तास, असं पालथं पडून.

वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्‌झचेच कण. अकीकही क्वार्ट्‌झचाच. दोघांची कठीणता जवळजवळ सारखी. दगडाला त्याचाच भाऊबंद झिजवतो आहे, म्हणून काम इतकं संथ. मणी किंवा गोळा करायचा असेल तर चाकावर तशी खाच पाडलेली असते, तिच्यात दगड धरून फिरवत राहायचं. शेवटची झिलई लाकडी रुळावर, ट्रिपोली नावाची मऊ माती ओली करून. माझ्या खलाची गोल खळी याच्या उलट, बाहेर फुगलेल्या गोल चाकावर घासून झाली असणार. इतक्या वर्षांनी त्या मुलीला उत्तर देता आलं असतं. ती आता कुठे असेल कोण जाणे.

आजोबा म्हणाले, खोलीत पुरता अंधार केला तर चाकावर दाबलेला अकीक आतून तांबूस उजळतो. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरचा एके काळचा चिटणीस कोलिनी १७७० च्या दशकात इथे आला होता, त्यानं या गिरण्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आम्ही गेलो तेव्हा खिडक्यांतून लख्ख उजेड होता, त्यामुळे तो प्रकाश दिसला नाही. पण मला तो ठाऊक आहे. रात्री गोधडीत शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की तसाच उजेड पडतो आणि जळका वास येतो. खान्देशातलं कुठलंही पोर हे सांगेल.

मग मी लेकीला विचारायला लावलं, "हे लोक किती वर्षं जगत?"

आजोबांनी चाक थांबवलं. म्हणाले, फार नाही. कपडे कायम ओले, हिवाळ्यात हात बधिर, पाठीला चुलीची ऊब नि पोटाला थंड पाणी. चाकाच्या तुषारांबरोबर बारीक दगड छातीत जाई. क्षय आणि फुप्फुसाचे आजार घराघरांत. आणि कधी कधी फिरतं चाकच फुटे. वालुकाश्मात आत कुठे चीर असेल तर ती बाहेरून दिसत नाही. टनभर वजनाचा दगड वेगात असताना दुभंगला आणि समोर माणूस पालथा पडलेला असला तर काय होईल ते सांगायला नको. उन्हाळ्यात ओढा आटला किंवा हिवाळ्यात गोठला की काम बंद, म्हणजे कमाई बंद. या शेवटच्या वाक्याला मी मान हलवली. पाण्यावर पोट असलेल्या माणसांचं दुःख समजायला आम्हाला दुभाषी लागत नाही.

मला खंबात आठवलं. गुजरातेत रतनपूरचा अकीक येतो आणि खंबातला घासला जातो, कित्येक शतकांपासून. तिथे आता विजेवर चालणाऱ्या एमरीच्या चाकांवर कोरडंच घासतात आणि त्या धुळीनं कारागिरांना सिलिकोसिस होतो. यावर अभ्यास झाले आहेत, धूळ ओढून घेणारे पंखेही बनवले गेले. तरी घराच्या ओसरीत चाक चालू असतं आणि शेजारी लहान मूल बसलेलं असतं. सिलिकोसिसवर औषध नाही. फुप्फुसात गेलेला दगड परत निघत नाही. रसायनशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला हे ठाऊक होतं, पण आज त्या बाकाकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं.

रात्री जेवायला श्पीसब्राटन. बीचच्या लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजतात, मीठ-मिरी आणि भरपूर कांदा. ही रीत ब्राझीलहून परतलेल्यांनी आणली असं गावात सांगतात. लेकीनं ते घेतलं. मी बटाटे आणि मुळ्याची कोशिंबीर. मुळा तिखट होता, छान लागला.

तिसरा दिवस, शनिवार

ब्राझीलची गोष्ट सकाळी ईडारच्या रत्नसंग्रहालयात नीट जुळली. एका जुन्या हवेलीत हे संग्रहालय आहे, दहा हजारांच्या वर वस्तू. लोक पैलूदार खड्यांच्या कपाटांपुढे गर्दी करतात. मी एका मोठ्या, करड्या, दिसायला कुरूप गोळ्यापुढे थांबले. ब्राझीलचा अकीक.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या खाणी आटत चालल्या होत्या. चांगला दगड मिळेना, गिरण्यांना काम पुरेना, वर उपासमारीची वर्षं. लोक देश सोडून निघाले. त्यातले काही दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांद दो सुलला पोहोचले आणि १८२७ मध्ये तिथे त्यांना जमिनीवर आणि ओढ्यांत अकीक पडलेला दिसला. गावी जे बिळात सरपटून काढावं लागे ते तिथे पायाखाली, तेही कलिंगडाएवढं. दुसऱ्या कुणाला ते धोंडेच वाटले असते. १८३४ मध्ये पहिला माल ईडारला पोहोचला. परतीच्या जहाजांना तळात वजन लागतंच, त्याऐवजी अकीक भरायचे, म्हणून इतक्या लांबून आणूनही परवडायचं. त्या मालावर ईडारच्या गिरण्या पुन्हा भरून वाहू लागल्या.

या गावाचं वेगळेपण मला इथे दिसतं. खाण संपली की गाव संपतं, असं आपण किती ठिकाणी पाहतो. इथे दगड संपला आणि हात उरले. नुसत्या हातांवर गाव आणखी दोनशे वर्षं जगलं. पुढे १८८६ पासून हिरेही घासू लागले, पॅरिसकडून कॅमिओ, म्हणजे दगडावर उठावाची चित्रं, कोरण्याची कला आली, श्रीलंका, मादागास्कर, आफ्रिका, कुठून कुठून खडे येऊ लागले. त्यातला एकही इथल्या मातीत निघालेला नाही.

ब्राझीलच्या अकीकात एक दोषही होता. तो बहुतेक करडा. आणि इथून पुढची गोष्ट माझ्या विषयाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अकीक वरून कितीही घट्ट दिसला तरी त्याच्या थरांत अतिसूक्ष्म छिद्रं असतात, काही थरांत जास्त, काहींत जवळजवळ नाहीतच. दगड साखरेच्या किंवा मधाच्या कोमट द्रावणात दोन-तीन आठवडे ठेवायचा. साखर छिद्रांत शिरते. मग तो गरम संहत गंधकाम्लात टाकायचा. आम्ही अकरावीच्या वर्गात चंचुपात्रात साखर घेऊन तिच्यावर हे आम्ल ओततो, पाणी शोषलं जातं आणि कोळशाचा काळा खांब फुगून वर येतो. पोरं टाळ्या वाजवतात. तेच दगडाच्या आत घडवायचं. साखरेचा कोळसा छिद्रांतच अडकतो, सच्छिद्र थर काळे कुळकुळीत होतात, घट्ट थर पांढरेच राहतात. झाला काळा-पांढरा ऑनिक्स. मधाचा उपयोग रोमन लोकांनाही माहीत होता. ईडारकरांनी तो १८२० च्या सुमारास आपलासा केला आणि मग एकेक रंग साधत गेले. लोहाचं नायट्रेट मुरवून भट्टीत तापवलं की लाल. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि मग लोहाचा क्षार, की निळा. क्रोमियमनं हिरवा. हे रंग उडत नाहीत, कारण ते लावलेले नसतात, दगडाच्या पोटात तयार झालेले असतात. खंबातचे कारागीर दगड उन्हात वाळवून, मडक्यात घालून गोवऱ्यांच्या धगीत लाल करत, त्यामागेही लोहच. फक्त त्यांनी बाहेरून काही घातलं नाही, दगडातलंच जागं केलं.

खंबातशी या गावाचं आणखी एक नातं आहे. सहारातले तुआरेग लोक तालहाकिम्त नावाचा दागिना वापरतात, वर कडी आणि खाली त्रिकोणी टोक. तो आधी खंबातच्या लाल अकीकात घडवला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईडारच्या व्यापाऱ्यांनी तोच आकार इथल्या गिरण्यांत काढून आफ्रिकेत पाठवायला सुरुवात केली, आणि खंबातचा माल मागे पडला. मला याचं वाईट वाटलं. आज उलटं झालं आहे. खडे घासण्याचं मोठं काम ईडारहून जयपूरला आणि चीनला गेलं आहे. इथे उरले आहेत ते व्यापारी, रत्नपरीक्षक आणि मोजके कसलेले कारागीर. जर्मन रत्नशास्त्र संस्था १९३२ पासून इथेच आहे, रत्न आणि दागिने यांचं विद्यापीठीय शिक्षणही इथे मिळतं.

कसलेले म्हणजे किती, याचं उदाहरण द्यायचं तर बेर्न्ड मुन्श्टाइनर. शेजारच्या श्टिप्सहाउझन गावी राहून त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलच्या एका अॅक्वामरीनमधून १०,३६३ कॅरटचा एकसंध खडा घडवला. फूटपट्टीहून उंच असा तो निळा खांब दोम पेद्रो म्हणून ओळखला जातो आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. पैलू पुढून नाहीत, मागून आत कोरलेले, त्यामुळे उजेड दगडातच खेळत राहतो.

दुपारी ओबरश्टाइनला बेंगेलचा कारखाना धावत पाहिला. १८७३ साली घड्याळाच्या साखळ्यांसाठी सुरू झालेला, पट्ट्यांवर चालणारी यंत्रं अजून चालू स्थितीत. १९३० च्या आसपास इथे गॅललिथचे दागिने बनत. गॅललिथ म्हणजे दुधातलं केसीन फॉर्माल्डिहाइडनं घट्ट केलेलं. दुधाचे दागिने, ही कल्पना मला फार आवडली.

चौकातल्या खनिजांच्या दुकानात मात्र पाय थबकले. काचेच्या फळीवर फिकट हिरव्या अॅपोफिलाइटचा झुबका, खाली मोरपंखासारखा स्टिलबाइट, आणि चिठ्ठीवर: जळगाव, भारत. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. आमच्याकडे खडीच्या खाणीत सुरुंग उडतो, क्रशरला दगड जातो, आणि पोकळी सापडली तर खाणीवरचा मजूर ती गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवतो. त्या मजुराच्या हातातून निघून ते इथवर आलं होतं. मी दुकानदाराला सांगितलं, मी त्या गावची. त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही. मग मी पर्समधून माझी गारगोटी काढली.

त्यानं ती हातात तोलली आणि कुणाला तरी फोन लावला.

वीस मिनिटांनी आम्ही ईडारकडच्या एका गल्लीत, घराच्या तळमजल्यावरच्या कारखान्यात होतो. साठीचे गृहस्थ, आजोबा-पणजोबांपासून हाच धंदा. वीज आल्यावर या भागातले लोक ओढ्याकाठच्या गिरण्या सोडून असे घरोघर चाकं लावून बसले. त्यांनी गारगोटी घेतली आणि सरळ जिभेनं ओली केली. ओल्या दगडाचा रंग कळतो. खिडकीशी धरून फिरवली, नखानं वाजवली. म्हणाले, आत पोकळ आहे, चीरही असेल, फुटू शकते. कापू? मी लेकीकडे पाहिलं. बांधावरचा एक दगड, पण घशात काहीतरी दाटलं. कापा म्हटलं.

हिऱ्याची पूड बसवलेली पातळ करवत पाण्याखाली फिरू लागली. दहा मिनिटं फक्त तो आवाज. मग दोन अर्ध्या पडल्या. त्यांनी त्या धुऊन माझ्या हातात ठेवल्या. करडा अकीक, कडेला केसासारखे पांढरे पट्टे, मध्ये चण्याएवढी पोकळी आणि तिच्यात साखरेसारखे स्फटिक. एका बाजूनं आरपार चीर. संग्रहालयातल्या दगडांपुढे काहीच नाही. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि पट्ट्यांवरून बोट फिरवत लेकीशी बोलत राहिले. ती म्हणाली, "आई, ते म्हणताहेत की पट्टे फार बारीक आहेत. ब्राझीलच्या दगडात इतके बारीक क्वचित येतात. झिलई करून ठेवतो, उद्या सकाळी या, म्हणताहेत."

चौथा दिवस, रविवार

दुकानं बंद, रस्ते ओले, रात्री पाऊस झाला होता. हेरश्टाइनचं लाकडी चौकटींच्या घरांचं जुनं गाव पाहायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. गाडी साडेअकराची होती.

त्यांनी दार उघडलं तेव्हा घरात कॉफीचा वास होता. दोन्ही अर्ध्या मऊ कापडावर ठेवलेल्या. झिलईनं पट्टे वर आले होते, करड्यात निळसर छटा, आणि चीर आता ओढ्यासारखी दिसत होती. मी पाकीट काढलं, त्यांनी हातानं नको म्हटलं. लेकीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "आई, पैसे नकोत त्यांना. एक अर्धी ठेवून घेऊ का, म्हणून विचारताहेत."

त्यांनी भिंतीलगतचा खण ओढला. आत पुठ्ठ्याच्या कप्प्यांत दगडांचे तुकडे, प्रत्येकाला चिकटवलेली चिठ्ठी. काही चिठ्ठ्या इतक्या जुन्या की शाई तपकिरी झालेली. आजोबांचं अक्षर, वडिलांचं अक्षर, त्यांचं. गावाजवळच्या डोंगराचे, ब्राझीलचे, मादागास्करचे. त्यांनी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी जळगाव लिहिलं, मराठीत आणि खाली त्यांच्या लिपीत. थोडं थांबून शेताच्या गटाचा नंबरही लिहिला. त्यांनी तो आकडा दाखवून हे काय म्हणून विचारलं. लेकीनं समजावलं. त्यांनी मान डोलावली, चिठ्ठीला डिंक लावला, अंगठ्यानं दाबून धरली आणि सुकेपर्यंत तशीच धरून उभे राहिले.